एकोणीस खुर्च्यांचे गणित

१२ एप्रिल २०२२ रोजी आसाममधल्या दिब्रुगडहून एक छोटे विमान उडाले आणि थोड्याच वेळात अरुणाचल प्रदेशातल्या पासीघाटला उतरले. सतरा आसनांचे, दोन पंख्यांचे हे डॉर्निअर-२२८ विमान हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कानपूरच्या कारखान्यात बनलेले होते आणि ते चालवत होती अलायन्स एअर ही सरकारी कंपनी. विमानात केंद्रीय मंत्री होते. भारतात बनलेले विमान पहिल्यांदाच नागरी प्रवासी वाहतुकीत उतरले, अशा बातम्या दुसऱ्या दिवशी झळकल्या.

भारतीय विमानसेवेचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे ‘पहिल्यांदाच’ खटकले असणार. कानपूरमध्येच तयार झालेली ॲव्हरो विमाने १९६० च्या दशकापासून इंडियन एअरलाइन्सचे प्रवासी वाहत होती. आणि कानपूरचे डॉर्निअर म्हणाल, तर तेही १९८६ पासून प्रवाशांना घेऊन उडत होते. ते ज्या कंपनीच्या ताफ्यात होते, तिचे नाव मात्र विस्मरणात गेले होते. वायुदूत.

वायुदूतची स्थापना २० जानेवारी १९८१ ची, आणि सहाच दिवसांनी, प्रजासत्ताकदिनी, तिची सेवा सुरू झाली. त्या काळी देशात हवाई वाहतूक हा सरकारचा मक्ता होता. १९५३ च्या कायद्याने आठ खासगी देशांतर्गत कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, देशातली वाहतूक इंडियन एअरलाइन्सकडे आणि परदेशातली एअर इंडियाकडे गेली. वायुदूत हे या दोघींचे अपत्य होते, भागभांडवल दोघींचे निम्मे निम्मे. तिने धावायचे ते जिथे थोरल्या दोघी जात नाहीत तिथे, म्हणजे छोट्या गावांत, आखूड धावपट्ट्यांवर. सरकारी भाषेत याला ‘तिसऱ्या स्तराची विमानसेवा’ म्हणत.

सुरुवात ईशान्य भारतापासून झाली, त्यालाही कारण होते. फाळणीनंतर हा प्रदेश उरलेल्या देशाशी सिलिगुडीजवळच्या एका चिंचोळ्या पट्टीने जोडलेला राहिला, आणि ही पट्टी सर्वांत अरुंद जागी जेमतेम २०-२२ किलोमीटर रुंद आहे. त्यापलीकडे डोंगर, पूर आणि मीटरगेज. उदाहरणार्थ, आसामच्या दक्षिण टोकाला असलेले सिलचर. तिथून गुवाहाटीला यायचे तर बराईल डोंगररांगेतून जाणारा विसाव्या शतकाच्या आरंभीचा रेल्वेमार्ग होता, असंख्य पूल आणि बोगद्यांचा. हा मार्ग ब्रॉडगेज व्हायला २०१५ साल उजाडले. आगगाडीला जिथे रात्रंदिवस लागे, तिथे विमानाला तासाभराच्या आत पोहोचता येई.

विशेष म्हणजे उतरायला जागाही तयार होती. दुसऱ्या महायुद्धात चीनला रसद पुरवण्यासाठी हिमालयावरून विमाने जात, त्यासाठी आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी ब्रिटिश-अमेरिकन सैन्याने आसाम-त्रिपुरा परिसरात धावपट्ट्यांची रांगच उभी केली होती. युद्ध संपले, सैन्य गेले, धावपट्ट्या उरल्या. पश्चिम आसाममधले रुपसी हे त्यातलेच एक ठिकाण. गवत वाढलेल्या अशा पट्ट्यांवर पुन्हा विमान उतरवायचे, ही कल्पना कागदावर तरी फार आकर्षक होती.

पहिली विमाने मात्र जुनीच होती. इंडियन एअरलाइन्सने १९६१ पासून वापरलेली फोकर फ्रेंडशिप, चाळिसेक आसनांची. पुढे ॲव्हरोही आली. थोरल्या भावाचे कपडे धाकट्याला पुरवावेत, तसा हा प्रकार. मोठ्या मार्गांवर बोइंग आणि एअरबस आल्या, की पंख्याची विमाने खाली सरकत. ती मजबूत होती, वैमानिकांच्या हातातली होती, पण वय झालेली होती. जुन्या विमानाची देखभाल महाग पडते आणि ते जमिनीवर जास्त वेळ उभे राहते. आणि रोज एकच फेरी असलेल्या गावात विमान एक दिवस आले नाही, तर त्या दिवशी विमानसेवाच नसते.

कंपनीला खरी ओळख दिली ती डॉर्निअरने. १९८३ मध्ये भारताने पश्चिम जर्मनीच्या डॉर्निअर कंपनीशी करार केला आणि हे हलके वाहतूक विमान कानपूरला बनवायचे ठरले. तटरक्षक दल, नौदल, हवाई दल आणि वायुदूत अशा चार गिऱ्हाइकांच्या गरजा एकाच यंत्रात भागवायच्या, असा हिशेब होता. जर्मनीत बनलेली पहिली डॉर्निअर १९८४ च्या अखेरीस वायुदूतकडे आली, दोनेक वर्षांत कानपूरचीही येऊ लागली.

हे विमान म्हणजे पंख लावलेली मिनीबसच. वायुदूतच्या विमानात आसने एकोणीस, मधल्या अरुंद वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक, त्यामुळे प्रत्येकालाच खिडकी. पंख छताच्या पातळीवर, म्हणजे खाली पाहताना दृष्टीआड काही नाही. त्या पंखाचा आकार डॉर्निअरच्या अभियंत्यांनी मुद्दाम नव्याने घडवला होता, कमी वेगातही भरपूर उचल मिळावी म्हणून. त्यामुळे मोठ्या जेटला लागते त्याच्या निम्म्याहूनही कमी धावपट्टी त्याला पुरे. मात्र केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नाही. जेट विमान ढगांच्या वर चढून निवांत जाते, डॉर्निअरला फार उंच जाता येत नाही. म्हणजे पावसाळ्यात ढगांच्या गर्दीतूनच वाट काढायची. स्वच्छतागृहाला जागा नाही, खाणेपिणे नावापुरते आणि पंख्यांचा आवाज मात्र भरपूर.

पण हेच विमान कुलूच्या दरीत उतरू शकत होते. सिमल्याजवळ जुब्बरहट्टीला डोंगरमाथा कापून केलेल्या धावपट्टीवर उतरू शकत होते. लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटावर १९८८ मध्ये विमानतळ झाला, तोही डॉर्निअरच डोळ्यांपुढे ठेवून. बेटच इतके चिंचोळे, की धावपट्टीच्या दोन्ही अंगांना समुद्र. डेहराडून, पंतनगर, पुदुच्चेरी, राजमुंद्री अशी नावे वायुदूतच्या वेळापत्रकात येत गेली. ईशान्येसाठी जन्मलेली कंपनी देशभर पसरली आणि १९८० चे दशक संपताना तिच्या नकाशावर शंभराच्या आसपास ठिकाणे होती. आकड्यांच्या दृष्टीने पाहिले, तर इंडियन एअरलाइन्सलाही एवढी गावे जोडता आली नव्हती.

इथेच गोम होती.

विमानाच्या खर्चाचा मोठा भाग प्रवाशांच्या संख्येवर ठरत नाही. एकोणीस आसनांचे विमान असो की एकशे ऐंशी आसनांचे, कॉकपिटमध्ये वैमानिक दोनच लागतात. मोठ्या विमानात त्यांचा पगार एकशे ऐंशी तिकिटांत वाटला जातो, छोट्यात एकोणीस तिकिटांत. छोट्या गावचा विमानतळ दिवसातून एका फेरीसाठी उघडला, तरी अग्निशमनाचा बंब, हवामानाची नोंद घेणारा माणूस, नियंत्रणकक्ष आणि सुरक्षारक्षक लागतातच. शिवाय विमान सर्वांत जास्त इंधन खाते ते चढताना. लांबच्या प्रवासात चढणीचा खर्च दोन तासांवर पसरतो. दीडशे किलोमीटरच्या उडीत विमान जेमतेम वर जाते, तोच उतरायची वेळ होते. थोडक्यात, दर आसनामागे दर किलोमीटरला येणारा खर्च छोट्या विमानात मोठ्यापेक्षा बराच जास्त असतो. चालक कितीही कुशल असला, तरी या गणितातून सुटका नाही.

दुसरी बाजू त्याहून अवघड. महाग आसन परवडणारा प्रवासी मुंबई-दिल्लीत मिळतो, आडगावी तो कमी असतो. एकोणीसपैकी बारा जागा भरल्या, तरी विमान दोन तृतीयांशही भरलेले नसते. चार जणांनी बेत बदलला, तर फेरीचे सगळे उत्पन्न कोलमडते. एकशे ऐंशी आसनांच्या विमानात चार जण आले काय, न आले काय, फारसे बिघडत नाही. भाडे खर्चाइतके वाढवावे, तर प्रवासी एसटीचा रस्ता धरतो. भाडे कमी ठेवावे, तर सगळ्या खुर्च्या भरूनही तोटा उरतोच.

मग हा तोटा कोणी भरायचा? इंडियन एअरलाइन्ससारख्या कंपनीपुरते याचे उत्तर ठरलेले होते. मुंबई-दिल्लीच्या फायद्यातून आतबट्ट्याचे मार्ग चालवायचे. वायुदूतला मात्र मुंबई-दिल्ली नव्हतीच; तिच्या वाट्याला आले ते सगळेच आतबट्ट्याचे मार्ग. ती कागदोपत्री कंपनी होती, म्हणजे वर्षाअखेर तिच्याकडे नफातोटा मागितला जाणार. काम मात्र तिच्यावर सोपवले होते ते लोकसेवेचे. एसटी महामंडळ डोंगरातल्या वाडीवर मुक्कामाची गाडी पाठवते, तेव्हा त्या एका फेरीतून फायदा होईल अशी अपेक्षा कोणी धरत नाही. वायुदूतची प्रत्येक फेरी जवळजवळ त्या मुक्कामाच्या गाडीसारखी होती, आणि तिला सावरणारे भरवशाचे उत्पन्न दुसरीकडे कुठेच नव्हते.

त्यात राजकारणाची भर पडली. विमानतळ ही मतदारसंघाला दाखवता येण्याजोगी गोष्ट. जुनी संस्थानी धावपट्टी असलेल्या किंवा सार्वजनिक बांधकाम खात्याने एखादी पट्टी करून ठेवलेल्या प्रत्येक गावाला वाटू लागले, की आपल्याकडेही विमान यावे. नवे ठिकाण सुरू करताना फीत कापायला माणसे मिळत. चालू ठिकाणी वेळेवर विमान पोहोचवायला सुटे भाग, वैमानिक आणि तंत्रज्ञ लागत, आणि ते अपुरे होते. शंभर गावे आणि मोजकी विमाने, म्हणजे एक विमान बिघडले की चार-पाच गावांची सेवा एकदम कोलमडायची. फेरी रद्द होण्याची सवय झाली, की प्रवासी दूर जातो; प्रवासी दूर गेला, की फेरी रद्द करणे आणखी सोपे होते.

१९ ऑक्टोबर १९८८ हा भारतीय विमानसेवेच्या इतिहासातला काळा दिवस. त्या सकाळी मुंबईहून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग अहमदाबादला उतरताना कोसळले आणि १३० हून अधिक माणसे गेली. त्याच दिवशी सिलचरहून गुवाहाटीला निघालेले वायुदूतचे फोकर खराब हवेत गुवाहाटीजवळच्या डोंगरावर आदळले. विमानातल्या चौतीसपैकी कोणीही वाचले नाही. ज्या वाटेवर रेल्वेला पर्याय म्हणून वायुदूत हवी होती, त्याच वाटेवरची ही दुर्घटना.

पुढच्याच वर्षी, २३ सप्टेंबर १९८९ रोजी, पुण्याहून हैदराबादला निघालेले वायुदूतचे डॉर्निअर इंदापूरजवळ उजनी धरणाच्या जलाशयात कोसळले आणि त्यातल्या सर्व अकरा जणांचा मृत्यू झाला. विमानात प्रवासी होते आठ आणि कर्मचारी तीन. दुर्घटनेच्या बातमीतल्या या आकड्यांत त्या फेरीची आर्थिक स्थितीही नोंदली गेली आहे. पुणे-हैदराबाद ही दोन मोठी शहरे, तरीही एकोणीसपैकी अकरा खुर्च्या रिकाम्या होत्या.

१९९० नंतर चित्र झपाट्याने पालटले. सरकारने खासगी विमानांना हळूहळू वाट मोकळी केली. १९९२ मध्ये ईस्ट-वेस्ट एअरलाइन्स मुंबईहून उडू लागली, पाठोपाठ दमानिया, मोदीलुफ्त, जेट आल्या. त्या सगळ्यांनी आधी धरले ते गर्दीचे मार्ग. साहजिकच होते, पैसा तिथेच होता. पण ज्या फायद्यातून इंडियन एअरलाइन्स आपले दुबळे मार्ग पोसत होती, तो फायदाच आता वाटला जाऊ लागला. अशा वेळी तोट्यातल्या धाकट्या कंपनीला सांभाळणार कोण? १९९३ मध्ये सरकारने वायुदूत इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करायचे ठरवले. काही काळ तिची विमाने तिथल्या ‘कमी अंतराच्या सेवा’ विभागाखाली उडत राहिली आणि १९९७ मध्ये हा अध्याय पुरता मिटला. जेमतेम सोळा वर्षे.

मधल्या काळात सरकारने वेगळा उपाय शोधला होता. मार्च १९९४ मध्ये नियम झाला, की गर्दीच्या मार्गांवर जितकी वाहतूक कराल, तिच्या किमान १० टक्के वाहतूक ईशान्य, काश्मीर, अंदमान, लक्षद्वीप अशा भागांतही करावी लागेल. म्हणजे तोट्याचा वाटा सगळ्यांनी उचलायचा. याने गुवाहाटी, श्रीनगर, पोर्ट ब्लेअर यांना विमाने मिळाली. पण बोइंग किंवा एअरबस रुपसीला उतरणार नव्हती. नियम पाळला गेला तो मोठ्या धावपट्ट्यांवर; छोट्या पट्ट्यांवर पुन्हा गवत वाढले.

एकविसाव्या शतकात खासगी उद्योजकांनी हेच गणित आपापल्या पद्धतीने सोडवून पाहिले. चेन्नईची पॅरामाउंट एअरवेज २००५ मध्ये आली ती सत्तरेक आसनांची एम्ब्रेअर जेट घेऊन. हलक्या विमानांच्या इंधनावर विक्रीकर कमी होता, त्या सवलतीवर तिने सगळी आसने बिझनेस वर्गाची ठेवून दक्षिणेतल्या शहरांत सेवा दिली. २०१० मध्ये ती थांबली. बंगळूरची एअर पेगासस एप्रिल २०१५ मध्ये हुबळीच्या फेरीने सुरू झाली आणि जुलै २०१६ मध्ये, भाड्याने घेतलेल्या विमानांच्या थकबाकीत अडकून, बंद पडली. विजयवाड्याची एअर कोस्टा २०१३ ते २०१७ एवढे जगली. कोणाचे विमान मोठे होते, कोणाचे लहान. कोणी जेट घेतले, कोणी पंख्याचे. ताफा मात्र सगळ्यांचाच बोटांवर मोजण्याइतका होता. दोन विमाने जमिनीवर राहिली, की कंपनीही जमिनीवर.

२०१६ मध्ये ‘उडान’ योजना आली तेव्हा वायुदूतचा अनुभव गाठीशी होता, असे तिच्या रचनेवरून दिसते. यात तोट्याची रक्कम आधीच मोजलेली असते. कंपनीने साधारण निम्मी आसने तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपयांच्या आसपास विकायची. त्यामुळे जी तूट येईल ती भरून काढायला सरकार अनुदान देणार. त्यासाठीचा पैसा गर्दीच्या मार्गांवरच्या विमानफेऱ्यांवर छोटा आकार लावून गोळा करायचा. मार्ग लिलावाने द्यायचे, जो कमीत कमी अनुदान मागेल त्याला तीन वर्षांचा एकाधिकार. २७ एप्रिल २०१७ रोजी सिमल्याहून दिल्लीला पहिले विमान निघाले. त्याच कार्यक्रमात झेंडा दाखवलेल्या दुसऱ्या दोन मार्गांपैकी एक होता नांदेड-हैदराबाद.

वायुदूतमध्ये जे झाकलेले होते, ते उडानने उघड हिशेबात मांडले, हा मोठाच फरक. पण तीन वर्षांनी काय? भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, यांनी २०२३ च्या अहवालात याचे उत्तर आकड्यांत दिले. योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नव्हते. सुरू झालेल्या ३७१ पैकी अवघ्या ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पूर्ण केली. आणि अनुदान संपल्यावरही मार्च २०२३ पर्यंत चालू राहिलेले मार्ग होते ५४. विमानतळांचे नूतनीकरण रखडणे, योग्य विमाने न मिळणे, मोठ्या विमानतळांवर वेळ न मिळणे अशी कारणे वेगवेगळी. यातल्या शेवटच्या कारणाची झळ महाराष्ट्राला विशेष. प्रवाशाला जायचे असते मुंबईला, आणि मुंबईच्या विमानतळावर गर्दी एवढी, की धावपट्टीवरची मोजकी मिनिटे एकोणीस प्रवाशांच्या विमानाला द्यावीत की दोनशे प्रवाशांच्या, हा प्रश्न रोजच पडतो.

जळगावचा विमानतळ या सगळ्याचा चालता-बोलता नमुना आहे. २०१२ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले, पण नियमित प्रवासी विमान यायला डिसेंबर २०१७ उजाडला. आले ते कॅप्टन गोपीनाथ यांच्या पुनरुज्जीवित एअर डेक्कनचे. बीचक्राफ्ट जातीचे, डॉर्निअरइतक्याच आसनांचे. नाशिकलाही तीच कंपनी येत होती. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या टाळेबंदीत, एअर डेक्कनने आपली सेवा थांबवली ती थांबवलीच. दरम्यान २०१९ मध्ये जळगावला ट्रूजेट येऊ लागली होती, हैदराबादची, सत्तर आसनांची एटीआर विमाने घेऊन. फेब्रुवारी २०२२ मध्ये तीही बंद झाली. मग काही काळ शांतता.

एप्रिल २०२४ मध्ये जळगावच्या धावपट्टीवर पुन्हा एटीआर उतरले. या वेळी नाव होते फ्लाय९१, गोव्यातल्या मोपाची नवी कंपनी, आदल्याच महिन्यात सुरू झालेली. मोपाहून जळगाव, तिथून हैदराबाद. पुढच्या वर्षी तिने सोलापूरही जोडले. सात वर्षांत जळगावकरांनी आपल्या विमानतळावर पाहिलेली ही तिसरी विमानकंपनी.